रेनकव्हर असूनही सॅक आतून ओली होतेय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

पावसाळी हवेत फेरीबोट आणि बस बदलत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या दिवशी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सॅकचा तळ जरा सर्द लागतो. तिसऱ्या रात्री मुक्कामावर पोहोचून चेन उघडावी तर कुबट वासाचा भपकारा येतो आणि तळाशी जपून ठेवलेला शेवटचा कोरडा टी-शर्टही ओलसर निघतो. रेनकव्हर तर पूर्ण वेळ लावलेलं होतं. मग माणूस जास्त जाड, जास्त महाग कव्हर घेतो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच होतं.

माझ्या बाबतीत हे सलग तीन प्रवासांत झालं. तिसऱ्या वेळी, एका लांबच्या फेरीनंतर सॅक रिकामी करताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. सगळ्यात वरचे कपडे कोरडे होते. पाठीला टेकणारी बाजू ओली होती. तळाचे मोजे ओले तर होतेच, शिवाय बोटांना चिकट लागत होते. म्हणजे वरून पाऊस आत आलाच नव्हता, आणि मी मात्र दोन कव्हरं बदलून झाले होते.

या प्रवासात सॅकला चार तऱ्हेचं पाणी भेटतं: वरून पडणारा पाऊस, खाली साचलेलं पाणी, समुद्राचं खारं पाणी, आणि हवेतली व आपल्या अंगाची वाफ. रेनकव्हर यातल्या पहिल्यावर उपाय आहे, तोही अर्धा. बाकीच्या तिघांवर वेगवेगळे उपाय लागतात, म्हणून आधी निदान करायला हवं.

सॅक उघडल्यावर आधी काय बघायचं

घाईघाईने सगळं उपसू नका. एकेक थर काढताना हात फिरवा. पाठीकडची बाजू ओली आणि पुढची कोरडी असेल तर पाणी खांद्यापाठीवरून उतरलंय. फक्त तळाची चार बोटं ओली असतील तर सॅक कुठेतरी पाण्यात उभी होती. पाण्याचा थेंबही नाही, पण सगळंच सारखं दमट आणि गार लागतंय, तर दोष आत भरलेल्या ओल्या कपड्यांचा किंवा हवेचा आहे. कपडा वाळल्यासारखा वाटतो, रात्री पुन्हा ओलसर होतो आणि हाताला चिकटतो, तर तो खारवलाय. आणि आतल्या कापडावरून पांढरट पापुद्रे सुटत असतील तर सॅकचं अस्तरच गेलंय, त्याबद्दल पुढे सांगते.

पाठीकडून येणारं पाणी

कुठलंही रेनकव्हर घ्या, ते सॅकच्या तीनच बाजू झाकतं. पाठ उघडीच राहते, कारण तिथे पट्टे असतात. पाऊस मानेवर पडतो, रेनकोटवरून खाली ओघळतो आणि पाठ व सॅक यांच्या फटीत शिरतो. तिथला फोम स्पंजसारखा पाणी पितो. फोमच्या कडेच्या शिवणींना सुईची हजारो भोकं असतात, त्यांतून ते आत पाझरतं. शिवाय कव्हरच्या आत उतरलेलं पाणी कव्हरच्याच तळाशी साठतं. कव्हरच्या तळाला पाणी निघून जायला भोक नसेल तर तुम्ही पाठीवर पाण्याची झोळी घेऊन चालत असता.

सॅकच्या कापडावर किती मिलिमीटर पाण्याचा दाब सोसतं ते लिहिलेलं असतं, १५०० किंवा ३०००, असं काही. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. पण तो आकडा कापडाचा आहे. चेन, शिवण आणि पट्टे जोडलेल्या जागा त्यात धरलेल्या नसतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पाणी बाहेर थोपवायचा नाद सोडा, आत थोपवा. सॅकच्या आत तिच्याच मापाची जाड प्लास्टिकची पिशवी लायनर म्हणून घाला आणि सगळे कपडे त्या पिशवीत भरा. घरात कचऱ्यासाठी वापरतो ती पातळ पिशवी दुसऱ्या दिवशी फाटते, तिच्या दुप्पट-तिप्पट जाडीची हवी. तोंड बंद करताना हवा दाबून काढा, उरलेलं तोंड पिळून दोरासारखं करा, दुमडा आणि वर रबर चढवा. नुसती गाठ मारली तर गाठीच्या घड्यांतून पाणी झिरपतं आणि घाईत ती सुटतही नाही. गुंडाळायच्या तोंडाची ड्राय बॅग असेल तर किमान तीन वळसे द्या. दोन वळशांत तोंड बंद झाल्यासारखं दिसतं, पण बॅग दबली की उघडतं.

लायनर फाटलंय का हे ओळखायची सोपी खूण आहे. पिशवीत हवा धरून तोंड पिळा आणि गालाजवळ नेऊन हळूहळू दाबा. डोळ्यांना न दिसणारं भोकही गालाला लगेच कळतं, तिथून गार झुळूक लागते. चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा. प्रवासात मी दर दोन दिवसांनी हे करते.

लायनर घातल्यावर रेनकव्हर टाकून द्यायचं का? नाही. कव्हरमुळे सॅकचं बाहेरचं कापड कमी भिजतं आणि वजन वाढत नाही. भिजलेला फोम आणि पट्टे मिळून सहज लिटरभर पाणी धरतात, म्हणजे किलोभर ओझं उगाच वाहायचं. पण जोराच्या वाऱ्यात, विशेषतः जेट्टीवर, कव्हर शिडासारखं फुगतं आणि निघून जातं. त्याला सॅकच्या हँडलशी एका दोरीने बांधून ठेवा.

तळाचं पाणी: बसची डिकी आणि बोटीचा डेक

बसच्या डिकीत पाऊस पडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण डिकी चाकांच्या पातळीला असते. रस्त्यावरच्या पाण्याचे फवारे दाराच्या रबरातून आत येतात, आधीच्या प्रवाशांच्या बॅगांचं पाणी निथळून तळाशी साचतं, आणि वळणावर ते पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं. एकदा मी माझी सॅक डिकीतून काढताना तळाच्या पट्ट्यातून पाण्याची धार लागली होती. वरचा भाग पूर्ण कोरडा. पाच तासांच्या प्रवासात ती दोन बोटं पाण्यात उभी होती.

यावर तीन गोष्टी करा. पहिली, डिकीत ठेवताना सॅक उभी न ठेवता आडवी ठेवा, पट्ट्यांची बाजू वर. उभ्या सॅकच्या तळाच्या शिवणीवर सगळ्या सामानाचा भार येतो आणि तीच शिवण पाण्यात असते. दुसरी, सगळ्यात शेवटी ठेवायला द्या म्हणजे ती इतर बॅगांच्या वर राहील. लवकर जाऊन आधी ठेवली तर ती तळाला जाते, हे बरेच जण उलट करतात. तिसरी, कव्हर उलटं करून तळाकडून चढवा. डिकीत पाऊस वरून येत नाही, खालून येतो.

बोटीवर सामान बहुतेक वेळा पुढच्या टोकाला रचतात, कारण तिथे जागा मोकळी असते. पण लाट फुटून फवारा उडतो तो तिथेच. शक्य असेल तर खलाशाला विनंती करून सॅक बोटीच्या मधल्या भागात, छपराखाली आणि जमिनीपासून उंच ठेवा. बाकाखालची जागा सोयीची दिसते, पण डेकवर आलेलं पाणी वाहत तिथेच जातं. जागा नसेल तर चपला खाली ठेवून त्यांवर सॅक ठेवा. तेवढ्या दोन-तीन सेंटिमीटरनेही फरक पडतो.

बोटीत चढताना-उतरताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. तोल जाऊन पाण्यात पडलात तर सॅक क्षणात अंगावेगळी करता आली पाहिजे. लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटच्या वरून घाला, आतून नको. आणि ते घालायच्या आधी सॅक उतरवा.

वाळलेले कपडे पुन्हा ओले होतात ते का

या सगळ्या तक्रारीचं सगळ्यात न कळणारं कारण हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डेकवर उभं राहून तुमच्या टी-शर्टने पाव लिटर फवारा पिऊन घेतला, तर तो वाळल्यावर कापडात आठ-नऊ ग्रॅम मीठ उरतं. चमचाभराहून जास्त. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच इथे होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. पावसाळी किनाऱ्यावर आर्द्रता रात्रभर ७५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे खारवलेला कपडा तुम्ही पंख्याखाली कितीही वेळ टांगा, तो पूर्ण वाळणारच नाही. दुपारी उघडीप पडली, ऊन आलं, आर्द्रता उतरली की कडकडीत वाळल्यासारखा वाटेल आणि संध्याकाळी पुन्हा सादळेल. असा एक कपडा बाकीच्या कोरड्या कपड्यांत ठेवला तर तो त्यांनाही ओलावा देत राहतो.

उपाय वाळवण्याचा नाही, धुण्याचा आहे. फेरीतून उतरून मुक्कामावर पोहोचलात की फवारा लागलेले सगळे कपडे आधी गोड्या पाण्यातून दोनदा काढा. साबण नसला तरी चालेल, पाणी बदललं पाहिजे. ओले कपडे आणखी ओले करायचे हे मनाला पटत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फरक समोर दिसतो. पाणी तुटपुंजं असेल तर ज्या जागा अंगाला घासतात त्या तरी धुवा: कॉलर, काखा, कमरेची पट्टी. घामातही मीठ असतंच, त्यामुळे समुद्राच्या जवळही न गेलेला, चार दिवस न धुतलेला शर्ट असाच वागतो.

सॅकचे पट्टे आणि पाठीचा फोमही खारवतो. ओल्या कापडाने पुसून चालत नाही, मगभर गोडं पाणी ओतून दाबून काढावं लागतं. चेनच्या धातूच्या खेच्यांवर पांढरे डाग दिसले तर तेही धुवा, नाहीतर मिठाने गंजून चेन ऐन वेळी अडकते.

एका रात्रीत काय वाळतं आणि काय नाही

हवेत ८० टक्के आर्द्रता असताना तिच्यात आणखी वाफ घ्यायला जेवढी जागा असते, ती ९५ टक्क्यांना चौथाईवर येते. बाहेर रिपरिप चालू असताना खिडकीत टांगलेला कपडा रात्रभरात वाळत नाही तो यामुळे. म्हणून वाळत घालण्यापूर्वी जेवढं पाणी हातांनी काढता येईल तेवढं काढायचं. कोरडा टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर पिळलेला कपडा पसरा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि त्यावर उभे राहा. पायाखाली गुंडाळी चपटी होते आणि टॉवेल जड होतो. हाताने पिळून निघत नाही ते बरंचसं पाणी या एका मिनिटात निघतं.

खोलीत एसी असेल तर खिडकी बंद करून एसी चालू ठेवा आणि कपडे त्याच्या झोताच्या वाटेत टांगा. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, म्हणून तो कपडे वाळवायला पंख्याहून सरस. त्यात ‘ड्राय’ नावाचा पर्याय असेल तर तोच निवडा. एसी चालू आणि खिडकी उघडी, असं मात्र करू नका. तसं केलं तर अख्ख्या किनाऱ्याचा दमटपणा आत येत राहतो. फक्त पंखा असेल तर उलट: दार-खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण बंद खोलीत चार ओले कपडे टांगले की तासाभरात खोलीच सर्द होते.

कापडाची निवड इथेच महत्त्वाची ठरते. साधारण हवेत, ६५ टक्के आर्द्रतेला, सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जीन्स तर पावसाळी फिरतीवर नेऊच नका. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, वजन दुप्पट होतं, आणि ती ज्या पिशवीत जाते तिथलं सगळं ओलं करते. सुती कपडे मला स्वतःला फार आवडतात, पण या प्रवासात मी एकच सुती शर्ट नेते आणि तो फक्त झोपताना घालते.

तो झोपायचा शर्ट, एक पायजमा आणि मोज्यांचा एक जोड माझ्या लायनरच्या आत आणखी एका वेगळ्या बंद पिशवीत असतो. हा संच दिवसा कधीही घालायचा नाही. सकाळी बाहेर पडताना कालचे ओलसर कपडे पुन्हा अंगावर चढवायला अगदी नको वाटतं. पण कोरडा संच पावसात घातला की रात्री दोन्ही संच ओले असतात आणि तिथून पुढे सगळा प्रवास घसरत जातो. अंगावरचे कृत्रिम धाग्याचे कपडे अंगाच्या उबेने तासाभरात वाळतात. अर्थात थंडी असेल, वारा असेल, हुडहुडी भरत असेल तर हा नियम बाजूला ठेवा आणि लगेच कोरडं घाला.

ओले आणि कोरडे कपडे एका लायनरमध्ये कधीच ठेवू नका. बंद पिशवीत एक ओला मोजासुद्धा दिवसभरात सगळ्यांना दमट करतो. ओल्यासाठी वेगळी पिशवी घ्या आणि ती लायनरच्या बाहेर, सॅकच्या वरच्या भागात ठेवा.

थंड बसमधून उतरल्यावर

एसी बसमध्ये तीन-चार तास बसून दमट बंदरावर उतरलं की चष्मा धुरकटतो. कॅमेऱ्याच्या आतही तेच होतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २६ अंशांहून गार कुठल्याही वस्तूवर दव जमतं. २२ अंशांच्या बसमधून आलेला कॅमेरा त्याहून बराच गार असतो. उतरण्याआधीच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून हवा काढा आणि बाहेर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. दव पिशवीच्या बाहेरून जमेल.

फोनवर आयपी ६८ असा पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा असला तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खाऱ्या पाण्याचा फवारा लागला तर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. चार्जिंगचं तोंड ओलं असेल तर पिन लावू नका, कारण खारं पाणी आणि वीज एकत्र आली की तिथले धातू झपाट्याने खातात. फोन तांदळात पुरण्याचा काही उपयोग नाही. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. तोंड खाली करून हलकेच झटका आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तिकिटाचा फोटो आधीच काढून ठेवा आणि एक छापील प्रत झिपलॉकमध्ये ठेवा, कारण ओल्या बोटांना पडदा ऐकत नाही.

सॅकच म्हातारी झाली असेल तर

सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. दमट हवेत वर्षानुवर्षं तो कुजतो: आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात, आणि एक आंबूस वास येतो जो कितीही धुतलं तरी जात नाही. हा थर पुन्हा लावण्याच्या खटपटी मी केल्या आहेत, टिकत नाहीत. अशी सॅक लायनर घालून खुशाल वापरा, पण ती स्वतः पाणी अडवेल ही आशा सोडा. बाकी शिवणी ठीक असतील तर शिवण बंद करायचं द्रावण आतल्या बाजूने लावलं की दोन-तीन मोसम निघतात. सॅक ओली असताना गुंडाळून माळ्यावर टाकली की हा थर लवकर जातो, एवढं सांभाळा.

फेरी रद्द, बस अडकलेली: ओलं राहण्याचे तास वाढतात

माझ्या अनुभवात सॅक सगळ्यात जास्त भिजते ती चालताना नव्हे, ताटकळताना. धक्क्यावर तीन तास, रस्त्याकडेला दोन तास. म्हणून वेळापत्रक का कोलमडतं ते माहीत असलेलं बरं.

पावसामुळे फेरी क्वचितच रद्द होते. ती रद्द होते वाऱ्यामुळे, उसळलेल्या समुद्रामुळे, धुक्यामुळे, आणि काही ठिकाणी ओहोटीला धक्क्याजवळ पाणी उथळ झाल्यामुळे. त्यामुळे पावसाचा अंदाज बघून फेरीचा अंदाज बांधू नका, वाऱ्याचा आणि लाटांचा बघा. वाऱ्याचं बोफर्ट मोजमाप आजही सागरी अंदाजांत वापरतात. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी ते १८०५ मध्ये तयार केलं. त्यात ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा आणि ७ म्हणजे ५० ते ६१. कुठली बोट कितीला थांबते हे बोटीच्या आकारावर आणि तिथल्या नियमांवर अवलंबून असतं, पण अंदाजात ६ दिसलं की मी दुसरा मार्ग शोधून ठेवते. कधी आकाश निरभ्र असतं आणि तरीही फेरी बंद असते. दूरच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर चालत येतात, तेव्हा असं होतं. अशा वेळी खिडकीवरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दिवसाच्या पहिल्या फेरीचं तिकीट घ्या. ती चुकली किंवा रद्द झाली तरी हातात पूर्ण दिवस उरतो. आणि परतीच्या विमानाच्या किंवा लांबच्या गाडीच्या आदल्या दिवशी बेटावर मुक्काम ठेवू नका, तो एक दिवस मोकळाच ठेवा.

बसचं गणित भरतीशी जोडलेलं आहे. किनाऱ्यावरच्या शहरांतलं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. भरती चढलेली असताना नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात आणि पाणी बाहेर जायला जागाच उरत नाही. त्याच वेळी जोराची सर आली की सखल रस्ते तुंबतात. तोच पाऊस ओहोटीला पडला तर निघून जातो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. फरक जागेप्रमाणे खूप बदलतो. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो हातभरही नसतो. म्हणून तिथल्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहूनच बस निवडा. शहरात शिरणारी बस भरतीच्या माथ्यावर पोहोचत असेल तर मी एक बस आधीची किंवा तीन तासांनंतरची घेते.

तुंबलेल्या पाण्यातून चालत जाण्याची घाई करू नका. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं आणि पाण्याखालचं उघडं गटार दिसत नाही. नाइलाजाने जावंच लागलं तर पायावरच्या जखमा झाकून घ्या आणि नंतर साबणाने पाय धुवा. पुढच्या चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हे पाण्यातून चालणं आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो.

पायांची एक गोष्ट. बूट दिवसभर ओले राहिले तरी चालेल, पण रात्रीचे सात-आठ तास पाय पूर्ण कोरडे हवेत. पांढरी, सुरकुतलेली, बधिर कातडी दिसली तर दुसऱ्या दिवशी थांबा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते तासा-दोन तासांनी बदला. रात्रभर तेच बोळे ठेवले तर ओल आत कोंडून राहते.

एवढं करूनही ओली होत असेल तर घरी ही चाचणी करा

सॅक रिकामी करा. वर्तमानपत्राचे बोळे करून ती गच्च भरा, पाठीकडे, तळाशी, पुढे आणि झाकणाखाली वेगवेगळे थर येतील असे. कव्हर लावून शॉवरखाली पंधरा मिनिटं टांगा, पट्ट्यांच्या बाजूवर धार येईल अशी. मग बाहेर काढून एकेक बोळा उलगडा. भिजलेला कागद काळपट होतो, त्यामुळे पाणी कुठल्या शिवणीतून आलं ते बोट ठेवून दाखवता येतं. नंतर नवे कोरडे बोळे भरून सॅक दोन बोटं पाण्याच्या टबात अर्धा तास उभी ठेवा आणि पुन्हा बघा. माझ्या सॅकमध्ये वरच्या झाकणाखालचा कागद दोन्ही वेळा कोरडाच निघाला. भिजली होती ती डाव्या खांद्याच्या पट्ट्याजवळची चार इंच शिवण आणि तळाचा एक कोपरा. त्या दोन जागा आतून बंद केल्या, लायनर घातलं, आणि पुढचे नऊ दिवस पावसात फिरून आल्यावर झोपायचा तो सुती शर्ट कोरडाच होता.